फटफटीचा श्वास

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हा विषय मिस्त्र्याच्या दुकानांतला आहे, तो नभोवाणीवर आणण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें कीं, तो आतां दुकानांत राहिलेला नसून घराघरांत शिरला आहे. मुलाला नोकरी लागते, किंवा आमच्या वरूडकडे संत्र्याच्या बागेचा सौदा बरा होतो, आणि दारांत दीड-दोन लाखांची मोटारसायकल येऊन उभी राहते. महिना दोन महिने तिचें कौतुक होतें. मग एके दिवशीं चिरंजीव अमरावतीहून किंवा नागपुराहून परत येतात ते गाडीचा मूळचा सायलेन्सर पाठीमागें दोरीनें बांधून, आणि त्याच्या जागीं चकचकीत, आंखूड व मोठ्या आवाजाचा दुसरा बसवून. हवेचा फिल्टरहि बदललेला असतो. वडील विचारतात, "हें कशाला?" उत्तर मिळतें, "गाडी आतां मोकळा श्वास घेते." पुढें पंधरा दिवसांत ही मोकळा श्वास घेणारी गाडी झटके देऊं लागते, वेग कमी करतांना मागून फटाके वाजवूं लागते, आणि उन्हांत भलतीच तापूं लागते. मिस्त्री म्हणतो, कंपनीचाच दोष आहे. मुलगा म्हणतो, सायलेन्सरवाल्यानें फसविलें. वडील काय म्हणतात तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

वस्तुतः अशा वेळीं दोष पुष्कळदां कंपनीचा नसतो व सायलेन्सराचाहि नसतो. एक काम अर्धें करून सोडलें, हाच तो दोष. तें उरलेलें अर्धें काम कोणतें आणि तें कसें करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

मोटारसायकलचें इंजिन हें प्रथम हवा ओढणारें यंत्र आहे, पेट्रोल जाळणारें यंत्र मागाहून. आपण टाकींत पेट्रोल भरतों व त्याचे पैसे मोजतों, म्हणून पेट्रोलच तेवढें आपल्या डोळ्यांसमोर राहतें. हवा फुकट मिळते, यास्तव तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. परंतु एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळावयास १४.७ ग्रॅम हवा लागते. एका लिटर पेट्रोलचें वजन सुमारें ७४० ग्रॅम. त्याला जवळजवळ अकरा किलो हवा पाहिजे, आणि एवढी हवा म्हणजे नऊ हजार लिटरांहून अधिक झाली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलींत जी हवा मावते, ती तीन लिटर पेट्रोल जाळून संपवितें. वरूडाहून मोर्शीमार्गें अमरावतीस जाऊन येणारा प्रत्येक स्वार वाटेंत अशा दीड-दोन खोल्या रिकाम्या करून येतो.

आतां एकेका श्वासाचा हिशेब पाहूं. आमच्या भागांतील तरुणांची आवडती क्लासिक ३५० ही रॉयल एन्फील्डची गाडी उदाहरणादाखल घेऊं. २०२१ सालीं ती नव्या इंजिनासह निघाली. त्या इंजिनाचें घनफळ ३४९ घन सेंटिमीटर आहे. चार ठोक्यांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस एकदां श्वास घेतला जातो. मिनिटास ४,००० फेरे होत असतां २,००० श्वास होतात, आणि छाती प्रत्येक वेळीं पूर्ण भरली तर मिनिटाला सुमारें ७०० लिटर हवा आंत जावी. छाती कधींच पूर्ण भरत नाहीं. वाटेंत फिल्टर आहे, नळ्या आहेत, झडपा आहेत. तेव्हां ६०० लिटर धरूं. तिला लागणारें पेट्रोल मिनिटास पन्नास ग्रॅमांच्या आसपास येतें. त्यास २,००० श्वासांनीं भागिलें असतां एका श्वासाच्या वांट्यास पंचवीस मिलिग्रॅम पेट्रोल येतें, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढें वजन! तो दाणा एका सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत मोजावयाचा, बारीक तुषारांच्या रूपानें हवेंत मिसळावयाचा, आणि हें सेकंदाला तेहतीस वेळां करावयाचें. दाण्याचा दहावा हिस्सा कमी पडला तरी इंजिनाला तें जाणवतें. ज्याला आपण गाडीचें 'ट्यूनिंग' म्हणतों, तें सर्व ह्या दाण्याच्या वजनाविषयीं आहे.

जुन्या गाड्यांत हें मोजमाप कार्ब्युरेटर करीत असे. त्याची युक्ति साधी होती. आंत जाणाऱ्या हवेच्या वेगानेंच पेट्रोल एका बारीक छिद्रांतून वर ओढलें जाई. हवा अधिक गेली कीं पेट्रोल अधिक ओढलें जाई. ह्यांत अचूकपणा कमी, पण एक मोठा गुण होता. बदल झाल्याची वर्दी कार्ब्युरेटरला कोणी द्यावी लागत नसे, कारण हवा स्वतःच ती देत असे. सायलेन्सर व फिल्टर बदलल्यावर मिस्त्री छिद्राचा तुकडा, ज्याला ते 'जेट' म्हणतात, एक-दोन नंबरांनीं मोठा घाली, सुई एक खाच वर करी, आणि काम भागे. माझा एक जुना विद्यार्थी गेलीं वीस वर्षें ह्याच धंद्यांत आहे. तो गाडीचा नुसता आवाज ऐकून जेटचा नंबर सांगत असे, आणि बहुतेक वेळां तो बरोबर निघे. मी त्याला वर्गांत अपूर्णांक शिकविण्याची पराकाष्ठा केली होती. जेटचे नंबर मात्र त्याला कोणी शिकविले नव्हते.

इंजेक्शनची पद्धति आपल्या देशांतील मोटारसायकलवर २००६ सालीं हीरो होंडाच्या ग्लॅमर गाडीबरोबर आली. दुसऱ्याच वर्षीं पुण्याच्या बजाज ऑटोनें पल्सर २२० ही गाडी ह्याच रचनेची काढली. पुढें २००९ सालीं त्याच कंपनीनें त्याच पल्सरवर पुन्हां कार्ब्युरेटर बसविला, आणि मौज अशी कीं, ही कार्ब्युरेटरची गाडी पहिलीहून स्वस्त तर होतीच, पण किंचित् अधिक ताकदीचीहि होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों, कारण इंजेक्शन म्हणजे अधिक ताकद अशी एक समजूत पसरली आहे. इंजेक्शनचा खरा लाभ ताकदीचा नव्हे, मापाचा आहे. आणि त्या मापाची निकड ताकदीपेक्षां धुरानें उत्पन्न केली. २०१२ सालापासून चाकणच्या कारखान्यांत होणाऱ्या केटीएम ड्यूक गाड्यांनीं इंजेक्शन तरुणांच्या हातीं दिलें खरें. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे धुराचे नियम लागू झाले, तेव्हांच नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. इंजेक्शनच्या गाडींत पेट्रोल हवेनें ओढलें जात नाहीं. एक पंप तें दाबाखालीं आणून ठेवतो, इंजेक्टर नांवाची विजेची झडप उघडते व मिटते, आणि ती किती वेळ उघडी ठेवावयाची हें एक लहानशी संगणकपेटी ठरविते. मिस्त्री तिला ई.सी.यू. म्हणतात. ही पेटी हें कशावरून ठरविते? पाठ केलेल्या कोष्टकावरून. कारखान्यांत अभियंते एक गाडी मापनयंत्रावर चढवितात, अमुक फेरे व अमुक इतकी मूठ पिळलेली असतां किती हवा आंत जाते तें मोजतात, आणि असे शेंकडों आंकडे आडव्या-उभ्या रकान्यांत भरून पेटीच्या स्मरणांत ठेवतात. मग रस्त्यावर पेटी फक्त विचारते, फेरे किती? मूठ किती? हवेचा दाब किती, हवेची उष्णता किती, इंजिन किती तापलें आहे? आणि कोष्टकांतून उत्तर उचलते.

शाळेंत पाढे पाठ केलेला मुलगा जसा असतो, तशी ही पेटी आहे. सत्तावीस साते विचारा, डोळे मिटून एकशेंएकोणनव्वद सांगेल. परंतु उदाहरणच बदललें तर तो पाठ केलेलेंच उत्तर देईल, तितक्याच आत्मविश्वासानें. हें कोष्टक विशिष्ट फिल्टर व विशिष्ट सायलेन्सर बसविलेल्या इंजिनावर मोजलेलें असतें. आपण ते बदलले कीं, त्याच फेऱ्यांना व त्याच मुठीला इंजिनाची छाती पूर्वीपेक्षां निराळी भरूं लागते. कोष्टकाला त्याचा पत्ता नसतो.

येथें जाणता श्रोता विचारील कीं, हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे ना? आहे. परंतु तो मोजतो तो झडपेपूर्वीच्या नळींतील दाब. तेवढ्या दाबाला छातीचा किती हिस्सा भरतो, हा आंकडा पुन्हां कोष्टकांतलाच. शिवाय पुष्कळ गाड्यांत मूठ बरीच उघडली म्हणजे पेटी दाबाकडे न पाहतां मुठीच्या कोनावरच विसंबते. दुसरा प्रश्न असा निघतो कीं, धुराच्या नळींत ऑक्सिजनचा सेन्सर बसविलेला असतो, तो चूक दाखवीत नाहीं काय? दाखवितो, पण अर्धीच. हा सेन्सर जळून उरलेल्या धुरांत प्राणवायु शिल्लक आहे कीं नाहीं, एवढेंच सांगतो. किती शिल्लक आहे हें सांगत नाहीं. पूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाच्या अलीकडे कीं पलीकडे, इतकाच त्याचा निवाडा. गाडी एका वेगानें संथ चालली असतां पेटी त्याचें ऐकते आणि ठराविक मर्यादेंत पेट्रोल कमी-जास्त करून चूक सुधारून घेते. परंतु आपण मूठ जोरानें पिळली, ओव्हरटेक करूं लागलों किंवा चढ चढूं लागलों म्हणजे पेटी त्याचें ऐकणें सोडून देते; कारण त्या वेळीं इंजिनास पूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाहून थोडें अधिक पेट्रोल हवें असतें, आणि त्या प्रांतांतील बारकावा ह्या सेन्सरला कळत नाहीं. पाढे तपासणारा मास्तर सोपीं गणितें तेवढीं तपासून वर्गाबाहेर निघून जातो, तशांतलाच हा प्रकार.

म्हणून फिल्टर व सायलेन्सर बदललेली गाडी गांवांत, साठाच्या वेगानें जातांना बहुधा ठीक वाटते. बिघाड दिसतो तो जोर लागतो तेथें. हवा अधिक आली, पेट्रोल जुन्या कोष्टकाइतकेंच आलें, आणि मिश्रण विरळ झालें. मिस्त्री त्याला 'लीन' म्हणतात. विरळ मिश्रण सावकाश जळतें. जोर लागत असतां, म्हणजे जेथें अधिक पेट्रोलनें इंजिनास थंड ठेवावयाचें असतें तेथेंच, तें धूर अधिक तापवितें. झडपांना, पिस्टनाच्या माथ्याला ती उष्णता सोसावी लागते. ठिणगी पडण्याच्या रीतीबाहेर मिश्रण आपोआप भडकून ठोके पडूं लागले, तर नुकसान फार लवकर होतें. जानेवारींत हें फारसें कळत नाहीं. मे महिन्यांत, डांबर मऊ होईल अशा आमच्या वऱ्हाडी उन्हांत, हवेनें थंड होणारें इंजिन दुपारीं दोन वाजतां वरूडाहून नागपुराकडे दामटावें, म्हणजे तें कळतें.

कधीं कधीं उलटहि घडतें. सायलेन्सर ही केवळ आवाज दाबण्याची डबी नव्हे. धुराचा प्रत्येक लोंढा नळींतून बाहेर जातांना मागें दाबाची एक लाट परत पाठवितो, आणि ती लाट झडप मिटण्यापूर्वी योग्य क्षणीं पोंचली तर नव्या श्वासाला मदत करते. नळीची लांबी त्या हिशेबानें ठरविलेली असते. आंखूड सायलेन्सर बसविला कीं लाटेची वेळ बदलते. वरच्या फेऱ्यांत थोडा लाभ होतो आणि खालच्या व मधल्या फेऱ्यांत, जेथें आपण दिवसाचे नऊ आणे काळ गाडी चालवितों, तेथें ओढ कमी होते. ही उणीव पेट्रोलच्या कोष्टकानें भरून निघत नाहीं, हें कोणताहि प्रामाणिक ट्यूनर आधींच सांगेल. आवाज वाढल्यामुळें स्वाराला मात्र गाडी जोरांत जात आहे असें वाटतें. मनुष्याचा कान हा फार खुशामती साक्षीदार आहे.

वेग सोडतांना मागून जे फटाके वाजतात, त्यांविषयीं एक शब्द. विरळ मिश्रण हें त्यांचें एक कारण आहे, पण एकमेव नव्हे. नवा सायलेन्सर बसवितांना सांध्यांतील जुनी गास्केट तशीच ठेवली किंवा पट्टा सैल राहिला, तर बाहेरची हवा फटींतून आंत शिरते आणि नळींतील न जळलेलें पेट्रोल तेथें पेट घेतें. वाईट हें कीं, हीच चोरटी हवा ऑक्सिजनच्या सेन्सरलाहि फसविते. तो मिश्रण विरळ आहे असें सांगतो आणि पेटी विनाकारण पेट्रोल वाढविते. तेव्हां शंभर-दोनशें रुपयांची गास्केट बदलण्यापूर्वीं हजारों रुपयांच्या ट्यूनिंगची भाषा करूं नये.

आतां उपायाकडे येऊं. बाजारांत सर्वांत स्वस्त मिळते ती एक लहानशी डबी. ती ऑक्सिजनच्या सेन्सरचा निरोप वाटेंत अडविते आणि थोडासा खोटा निरोप पेटीस पोंचविते, जेणेंकरून पेटी सरसकट पेट्रोल वाढवील. संथ चालीचे झटके हिनें कमी होतात हें खरें. परंतु जेथें पेटी सेन्सरचें ऐकतच नाहीं, त्या जोराच्या प्रांतांत हिचा उपयोग थोडा. आणि जेथें पेटी स्वतःच चूक सुधारून घेत होती, तेथेंच ही पेट्रोल वायां घालविते. रोग डोक्यांत आणि मलम गुडघ्याला, असा हा प्रकार आहे.

दुसरा मार्ग मूळ पेटीच्या व इंजेक्टरच्या मध्यें दुसरी पेटी जोडण्याचा. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सची पॉवरट्रॉनिक ही अशांपैकीं आपल्याकडे प्रसिद्ध आहे. मूळ पेटी सांगेल त्यांत ही रकान्या-रकान्यानें भर घालते किंवा उणें करते. आणि नको झाल्यास ती काढून गाडी पूर्ववत् करतां येते. तिसरा मार्ग मूळ पेटींतील कोष्टकच पुसून नवें लिहिण्याचा, ज्याला रीमॅप म्हणतात. हा सर्वांत शुद्ध मार्ग खरा, पण लिहिणारा जाणता पाहिजे. दोन्ही मार्गांत एक गोष्ट सारखी आहे: यंत्र विकत घेतल्यानें कोष्टक मिळत नाहीं, कोष्टक मोजूनच बनवावें लागतें. दुसऱ्याच्या गाडीवरून उतरविलेलें कोष्टक म्हणजे शेजारच्या मुलाची वही पाहून लिहिलेलें उत्तर होय. प्रश्नपत्रिका एकच असेल तर चालेल.

मोजावयाचें तें असें. गाडीचें मागील चाक डायनोच्या रुळावर ठेवतात. हा रूळ चाकाला विरोध करून ताकद मोजतो. धुराच्या नळींत निराळा, रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर बसवितात. तो केवळ होय-नाहीं न सांगतां नेमका आंकडा सांगतो. ह्या आंकड्यास लॅम्डा म्हणतात. पूर्ण ज्वलनाचें प्रमाण म्हणजे लॅम्डा एक; एकाहून अधिक तर विरळ, कमी तर दाट. नंतर मूठ दहा टक्क्यांवर धरून दोन हजार, अडीच हजार, तीन हजार असे फेरे क्रमानें नेऊन प्रत्येक ठिकाणीं आंकडा वाचतात. पुढें मूठ वीस टक्के, चाळीस टक्के, अशी शेवटपर्यंत. ह्या वेळीं पेटीची स्वतःची दुरुस्ती बंद ठेवावी लागते, नाहीं तर आपण एक लिहितों आणि ती दुसरें पुसते.

पुढचें सर्व त्रैराशिक आहे. समजा, पूर्ण मुठीवर पांच हजार फेऱ्यांना लॅम्डा ०.९६ आला, आणि आपणांस तेथें ०.८८ हवा आहे. जोराच्या प्रांतांत साधारणतः ०.८५ ते ०.९० हें प्रमाण योग्य समजतात. ०.९६ ला ०.८८ नें भागिलें असतां १.०९ येतात. म्हणजे त्या रकान्यांत नऊ टक्के पेट्रोल वाढवावयाचें. असा प्रत्येक रकाना. संथ चालीच्या रकान्यांत मात्र लॅम्डा एकच्या आसपास ठेवून तो भाग पुन्हां जुन्या सेन्सरच्या हवालीं करावा. तेथें पेट्रोल दाट करण्यांत शहाणपणा नाहीं, गाडीचा सरासरी मायलेज त्याच रकान्यांत ठरतो. चांगला ट्यूनर ह्या कामास अर्धा दिवस घेतो. वीस मिनिटांत गाडी परत देणाऱ्यानें काय मोजलें असेल, ह्याचा आपणच विचार करावा.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती नवी आहे. १४.७ हें प्रमाण शुद्ध पेट्रोलचें. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें, आणि आतां तें सर्वत्र झालें आहे. इथेनॉलच्या अंगांत स्वतःचा प्राणवायु असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते, एका ग्रॅमास नऊ ग्रॅम. हिशेब केला असतां वीस टक्क्यांच्या मिश्रणाचें प्रमाण सुमारें १३.५ येतें. याचाच अर्थ असा कीं, जुन्या शुद्ध पेट्रोलवर बेतलेलें कोष्टक, सायलेन्सर न बदलतांहि, आजच्या पेट्रोलवर विरळ पडतें. ऑक्सिजनचा सेन्सर संथ चालींत तें सांवरून घेतो. जोराच्या प्रांतांत मात्र एका विरळपणावर दुसरा विरळपणा चढतो. आणि ट्यूनर जर अजूनहि १४.७ व १३ असे जुने आंकडे मनांत धरून बसला असेल, तर त्याचा घोटाळा होतो. त्याचें यंत्र वस्तुतः लॅम्डाच मोजतें व त्यास १४.७ नें गुणून आंकडा दाखवितें. म्हणून त्यास लॅम्डांतच बोलावयास सांगावें. लॅम्डाला पेट्रोल कोणतें आहे ह्याची फिकीर नसते.

कांहीं गोष्टींची काळजी मात्र आपण करूं नये. चिखलदऱ्याला गेलों म्हणजे समुद्रसपाटीहून अकराशें मीटर वर हवा सुमारें दहा टक्के पातळ होते. जानेवारीची पहांट व मे महिन्याची दुपार ह्यांतहि हवेच्या घनतेंत तेवढाच फरक पडतो. कार्ब्युरेटरच्या गाड्या परतवाड्याचा घाट चढतांना गुदमरत असत तें ह्यामुळेंच. इंजेक्शनची पेटी दाब व उष्णता मोजून हें स्वतः सांभाळते. एकदां नीट बनविलेलें कोष्टक पुण्याच्या थंडींत केलें म्हणून वरूडच्या उन्हाळ्यांत बिघडत नाहीं.

फिल्टराचें मात्र आमच्या बाजूस निराळें आहे. मोकळा फिल्टर हवा अधिक घेतो, कारण त्याचीं छिद्रें मोकळीं असतात, आणि मोकळ्या छिद्रांतून धूळहि मोकळेपणानें जाते. संत्र्याच्या बागांतील पायवाटा, कापसाच्या गाड्यांमागची काळी माती, उन्हाळ्यांतील वावटळी, हें सर्व ज्या गाडीच्या नशिबीं आहे, तिला कापसाचा तेलकट फिल्टर बसविल्यास तो वेळच्या वेळीं धुऊन पुन्हां माफक तेल लावण्याची शिस्त पाहिजे. ती नसेल तर कागदी मूळ फिल्टरच बरा. आणि फिल्टराची मूळ पेटीच काढून टाकून उघडा शंकु बसविणें तर मला मुळींच पटत नाहीं. तो इंजिनाजवळची तापलेली हवाच ओढतो, आणि तापलेली हवा म्हणजे पातळ हवा.

आतां आवाजाचा व धुराचा प्रश्न. १७५ घन सेंटिमीटरांहून मोठ्या मोटारसायकलला निर्मितीच्या वेळीं ८० डेसिबेलची मर्यादा आहे. डेसिबेलचें गणित फसवें आहे. नव्वद म्हणजे ऐंशीहून थोडें अधिक असें नव्हे, तर ध्वनीची शक्ति दहापट. हा आवाज स्वाराच्या मागें राहतो. तो भोगतात ते परीक्षेचा अभ्यास करणारीं मुलें, दवाखान्यांतील रोगी आणि रात्रीं दोन वाजतां दचकून उठलेलीं तान्हीं बाळें. सायलेन्सराबरोबर पुष्कळदां धूर शुद्ध करणारें, प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असलेलें जाळेंहि निघून जातें. तें लॅम्डा एकच्या अगदीं जवळच काम करतें, म्हणून सरसकट दाट केलेल्या गाडींत तें असून नसल्यासारखेंच. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें परवानगीबाहेरील प्रत्येक बदलास मालकाला पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही सांगितलीं आहेत. आवाज व धूर ह्यांचे नियम मोडल्यास पहिल्याच वेळीं दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, व त्याशिवाय तीन महिने परवाना बंद. पुण्यास व नागपुरास पोलिसांनीं काढून घेतलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरविल्याचीं छायाचित्रें आपण पाहिलींच असतील. म्हणून ज्याला बदलच करावयाचा आहे, त्यानें आवाजाची मर्यादा पाळणारा व शुद्धीचें जाळें कायम ठेवणारा सायलेन्सर पाहावा. तसा नसेल तर तो शर्यतीच्या बंद मैदानासाठीं ठेवावा.

एवढें करून मिळतें काय? क्लासिक ३५० ची मूळ ताकद वीस अश्वशक्तीच्या किंचित् वर आहे. फिल्टर, सायलेन्सर व नीट बनविलेलें कोष्टक ह्या तिहींनीं मिळून एखाद-दुसरी अश्वशक्ति पदरांत पडते. त्याहून मोठा लाभ असतो तो गुळगुळीतपणाचा. झटके जातात, मूठ पिळल्याबरोबर गाडी उत्तर देते, इंजिन कमी तापतें. खरें सांगावयाचें तर धुराचे नियम पाळण्यासाठीं कारखान्यानें मिश्रण कांहीं ठिकाणीं जें अगदीं काटेकोर ठेवलेलें असतें, त्याला थोडी ढील देणें, हेंच ट्यूनिंगमधील निम्मे सुख आहे. ज्याला एवढ्यासाठीं पंधरा-वीस हजार खर्च करावयाचे नाहींत, त्यानें साखळीला तेल द्यावें, टायरांत हवा बरोबर ठेवावी आणि झडपांचें अंतर वेळेवर तपासावें. एखाद अश्वशक्ति त्यांतच हरवलेली सांपडते.

ज्यानें करावयाचें ठरविलें आहे, त्यानें क्रम चुकवूं नये. आधीं नवा स्पार्क प्लग, झडपा, सांधे व गास्केट. नंतर सायलेन्सर आणि फिल्टर, पुन्हां बदलावयाचे नाहींत असे निश्चित केलेले. आणि त्यानंतरच डायनो, कारण पुढें फिल्टर बदलला कीं कोष्टकहि बदलावें लागतें. ट्यूनरकडून बदलापूर्वींचा व नंतरचा असे दोन्ही आलेख कागदावर मागून घ्यावे, त्यांत ताकदीच्या रेषेबरोबर लॅम्डाची रेषा आहे हें पाहावें, आणि मूळ कोष्टकाची प्रत आपल्याजवळ ठेवावी. पांचशें किलोमीटर चालवून झाल्यावर एकदां पुन्हां लॅम्डा तपासून घ्यावा. मूळचा सायलेन्सर भंगारवाल्यास विकूं नये. तेल पुसून, कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवावा. गाडी विकतांना गिऱ्हाईक प्रथम तोच मागतें.